कृषी विद्यापीठांतील मधली फळी : नेतृत्व घडते कसे?

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीची अंडी साधारणपणे ४ ते ५ दिवसांत उबतात. बाहेर पडलेली अळी थोड्याच वेळात पात्यात, फुलात किंवा कोवळ्या बोंडात शिरते. आत शिरल्यावर बोंडावरील प्रवेशछिद्र बुजून जाते आणि मग वरून केलेली फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री प्रत्येकी ८ पतंग आढळले, की उपायासाठी शेतकऱ्याच्या हाती मोजकेच दिवस उरतात. त्या मोजक्या दिवसांत गावातील निरीक्षण तालुक्याला, तेथून कृषी विज्ञान केंद्राला आणि गरज पडल्यास विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाला कळावे लागते. सल्ला तयार होऊन त्याच वाटेने परतही यावा लागतो.

या वाटेवर निरोप पाठवण्याची अडचण आता फारशी उरलेली नाही. शेतातील छायाचित्र क्षणात शास्त्रज्ञाच्या हाती पडते. विलंब होतो तो बहुधा टेबलावर. सल्ल्याच्या मसुद्याला मान्यता देणारे प्रमुख बैठकीसाठी बाहेरगावी असतात आणि त्यांच्या गैरहजेरीत निर्णय कोणी घ्यायचा हे लेखी ठरलेले नसते. वाहनासाठी इंधनाची मंजुरी अडलेली असते. दोन विभागांपैकी पाहणीस कोणी जायचे यावर एकमत नसते. यांपैकी एकाही अडचणीचे उत्तर कीटकशास्त्राच्या ग्रंथात मिळत नाही. ते संस्थेचा गाडा प्रत्यक्ष ओढणाऱ्या मधल्या फळीच्या घडणीत शोधावे लागते. त्यामुळे उच्च शिक्षणातील मधल्या फळीच्या अधिकाऱ्यांचे नेतृत्व-विकसन हा विद्यापीठांचा केवळ अंतर्गत विषय राहत नाही. त्याचा परिणाम बांधापर्यंत पोहोचतो.

मधली फळी म्हणजे कोण?

देशातील पहिले कृषी विद्यापीठ १९६० मध्ये पंतनगर येथे स्थापन झाले. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तीनही कामे एकाच छत्राखाली आणण्याची कल्पना अमेरिकेतील लँड ग्रँट विद्यापीठांवरून घेतलेली होती. आज देशात ६० हून अधिक राज्य कृषी विद्यापीठे आहेत. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे अशी चार विद्यापीठे कार्यरत आहेत.

या विद्यापीठांच्या शिखरावर कुलगुरू असतात. त्यांच्यासोबत अधिष्ठाता, संशोधन संचालक आणि विस्तार शिक्षण संचालक धोरण ठरवतात. पायथ्याशी सहायक प्राध्यापक, संशोधन सहायक, विषय विशेषज्ञ आणि प्रक्षेत्रावर राबणारे मजूर असतात. या दोहोंच्या मध्ये विभागप्रमुख, महाविद्यालयाचे सहयोगी अधिष्ठाता, विभागीय संशोधन केंद्राचे सहयोगी संचालक, अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाच्या केंद्राचे प्रभारी आणि कृषी विज्ञान केंद्राचे प्रमुख येतात. हीच मधली फळी.

कृषी विज्ञान केंद्राचेच उदाहरण घेता येईल. पहिले केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरी येथे तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत सुरू झाले. आता केंद्रांची संख्या ७०० च्या पुढे गेली आहे. प्रत्येक केंद्रात १६ पदे मंजूर असतात. त्यांत एक प्रमुख व सहा विषय विशेषज्ञ असतात. या प्रमुखाला एका बाजूने यजमान संस्थेचे, दुसऱ्या बाजूने भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या विभागीय कार्यालयाचे, तिसऱ्या बाजूने जिल्हा प्रशासनाचे आणि चौथ्या बाजूने शेतकऱ्यांचे ऐकावे लागते. जबाबदारी चहूबाजूंनी येते. अधिकार मात्र मर्यादित असतात. नवीन माणूस नेमणे, बदली करणे किंवा वेतनवाढ देणे सहसा त्याच्या हातात नसते. म्हणून हुकमावर चालणारे नेतृत्व येथे फार काळ टिकत नाही. विश्वास, स्पष्टता आणि वेळेवर घेतलेला निर्णय हीच या पदाची खरी भांडवले होत.

शास्त्रज्ञाचा प्रमुख होतो तेव्हा

शास्त्रज्ञाची जडणघडण एका विशिष्ट रीतीने होते. तो प्रश्न स्वतः निवडतो, प्रयोग स्वतः आखतो आणि निष्कर्षाची जबाबदारीही स्वतः घेतो. शोधनिबंध, वाण, शिफारशी आणि मार्गदर्शन केलेले विद्यार्थी यांवर त्याचे मूल्यमापन होते. पुढे ज्येष्ठतेने किंवा निवडीने तो विभागप्रमुख होतो आणि त्याच्या कामाचे स्वरूप बदलते. आता त्याला इतरांच्या हातून काम करवून घ्यायचे असते. अंदाजपत्रकाची शीर्षे, मार्चअखेरचा खर्च, खरेदीची प्रक्रिया, माहिती अधिकाराचे अर्ज, पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या अडचणी, मजुरांच्या हजेरीचे वाद आणि प्रक्षेत्र भेटींचे वेळापत्रक हे सारे एकाच दिवशी त्याच्यापुढे येते.

व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग यांनी व्यवस्थापकांच्या दिनक्रमाचे प्रत्यक्ष निरीक्षण करून १९७३ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. व्यवस्थापकाचा दिवस शांतपणे नियोजन करण्यात जात नाही. तो लहान लहान तुकड्यांत, सततच्या व्यत्ययांत आणि समोरासमोरच्या संभाषणांत जातो, असे त्यांना आढळले. एका प्रयोगावर तासन्‌तास चित्त एकाग्र करण्याची सवय असलेल्या शास्त्रज्ञाला हा बदल जड जातो. काही जण प्रयोगशाळेत परत शिरतात आणि विभाग वाऱ्यावर सोडतात. काही जण प्रत्येक कागद स्वतः तपासू लागतात आणि सारा विभाग त्यांच्या दाराशी खोळंबतो. दोन्ही प्रकारांत बुद्धिमत्तेची उणीव नसते, तयारीची असते.

दोन गटांना जोडणारी खीळ

विस्तार शिक्षणाच्या विद्यार्थ्यांना रेन्सिस लिकर्ट हे नाव परिचित असते. शेतकऱ्यांचा दृष्टिकोन मोजण्यासाठी वापरली जाणारी, ‘पूर्णतः सहमत’ ते ‘पूर्णतः असहमत’ अशी पाच पायऱ्यांची श्रेणी त्यांनीच १९३२ मध्ये मांडली. १९३९ पासून काही वर्षे ते अमेरिकेच्या कृषी विभागात सर्वेक्षणाचे काम पाहत होते. याच लिकर्ट यांनी १९६१ मध्ये ‘लिंकिंग पिन’ ही कल्पना मांडली. संस्थेतील प्रत्येक प्रमुख एकाच वेळी दोन गटांचा सदस्य असतो : आपल्या हाताखालील गटाचा नेता आणि वरच्या गटातील सभासद. दोन्ही गटांना जोडणाऱ्या खिळीसारखे त्याचे काम असते. वरच्या गटात त्याच्या शब्दाला वजन नसेल, तर खालच्या गटाचाही त्याच्यावरील विश्वास उडतो.

कीड व्यवस्थापनात या खिळीचे मोल लगेच कळते. मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा येथील कृषी महाविद्यालयाच्या शास्त्रज्ञांना मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आढळली. त्याआधी भारतात तिची नोंद नव्हती. स्थानिक महाविद्यालयातील निरीक्षण, अळीची नेमकी ओळख आणि बंगळूरु येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन केंद्राने जुलै महिन्यात दिलेला इशारा या साखळीमुळे इतर राज्यांना निदान शत्रूची ओळख तरी लवकर पटली. पतंग दूरवर उडणारा असल्याने त्याच वर्षी कीड अनेक राज्यांत पसरली. तरीही तिचे नाव, अंडीपुंज ओळखण्याची रीत आणि अळी लहान असतानाच उपाय करण्याचे महत्त्व हे ज्ञान सोबत पोहोचू शकले.

महाराष्ट्रातील क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्पही याच संदर्भात पाहावा लागेल. २००८ च्या खरिपात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला आणि त्यानंतर २००९-१० पासून हा प्रकल्प सुरू झाला. राज्याचा कृषी विभाग, कृषी विद्यापीठे आणि परिषदेच्या संस्था यांना त्यात एकत्र यावे लागले. ठरलेल्या दिवशी शेतातील नोंदी येणे, त्यांची छाननी होणे आणि सल्ला बाहेर पडणे या साऱ्या क्रमात प्रत्येक संस्थेतील मधल्या फळीच्या अधिकाऱ्याला आपली कडी सांभाळावी लागते.

शिकण्याजोगी चार कौशल्ये

नेतृत्व हा उपजत गुण आहे, असा एक रूढ समज आहे. व्यक्तिमत्त्वाचा काही भाग उपजत असेलही; पण मधल्या फळीच्या रोजच्या कामाला लागणारी कौशल्ये शिकता येतात आणि सरावाने वाढवता येतात. त्यांपैकी चार विशेष महत्त्वाची आहेत.

पहिले कौशल्य अधिकार सोपवण्याचे. ‘तुम्ही पाहून घ्या’ असे तोंडी म्हटल्याने अधिकार सोपवला जात नाही. कोणता निर्णय कोणी घ्यायचा, कोणत्या मर्यादेपर्यंत घ्यायचा आणि केव्हा विचारायचे हे लेखी असावे लागते. येथे एकात्मिक कीड व्यवस्थापनाचे तत्त्व उपयोगी पडते. शेतात कीड दिसली की लगेच फवारणी करायची नसते. आर्थिक नुकसानीची पातळी पाहून निर्णय घ्यायचा असतो. प्रमुखानेही सहकाऱ्याच्या प्रत्येक लहान चुकीत हात घालू नये. मात्र कोणती पातळी ओलांडल्यावर हस्तक्षेप होईल हे आधी सांगून ठेवावे. नेहमीचा हंगामी सल्ला वरिष्ठ सहायक प्राध्यापकाने द्यावा. नवी कीड, नव्या कीटकनाशकाची शिफारस किंवा विषबाधेची शक्यता असलेली बाब प्रमुखापर्यंत यावी. एवढी विभागणी कागदावर असली, तरी हंगामातील बहुतेक खोळंबा टळतो.

दुसरे कौशल्य बैठक चालवण्याचे. ज्या बैठकीच्या अखेरीस ‘काय, कोणी, केव्हापर्यंत’ या तीन रकान्यांचा तक्ता तयार होत नाही, ती बैठक केवळ चर्चा ठरते. पुढील बैठकीची सुरुवात याच तक्त्याने झाली पाहिजे. कनिष्ठांना आधी बोलू देणे हा एक साधा पण परिणामकारक नियम आहे. प्रमुखाने मत प्रथम मांडले, की बाकीचे बहुधा त्याला दुजोरा देतात आणि शेतात आदल्या दिवशी जाऊन आलेल्या संशोधन सहायकाचे निरीक्षण न बोललेलेच राहते.

तिसरे कौशल्य मतभेद हाताळण्याचे आणि सहकाऱ्याला त्याच्या कामाविषयी बोलण्याचे. प्रात्यक्षिकाचे श्रेय, शोधनिबंधातील नावांचा क्रम, प्रक्षेत्रावरील जागा आणि वाहनाचा वापर यांवरून विभागांत कुरबुरी होतात. त्या तशाच ठेवल्या तर गट पडतात. वर्षाअखेरच्या मूल्यमापन अहवालातील एका शेऱ्याने वर्तन सुधारत नाही. घडलेली नेमकी गोष्ट, तिचा परिणाम आणि पुढील अपेक्षा हे तीन मुद्दे एकांतात, वेळेवर आणि व्यक्तीऐवजी कामावर बोट ठेवून सांगावे लागतात. कौतुक मात्र चारचौघांत करावे.

चौथे आणि सर्वांत अवघड कौशल्य अप्रिय माहिती वर पोहोचवण्याचे. एक जनुक असलेल्या बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी प्रतिकारक्षम झाल्याची बाब गुजरातमध्ये २०१० च्या सुमारास पुढे आली. पुढे दोन जनुके असलेल्या वाणांवरही ती जगू लागली आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रात तिचा तीव्र उद्रेक झाला. कोणतीही प्रतिकारक्षमता एका रात्रीत निर्माण होत नाही. एखाद्या तालुक्यातील डोमकळ्या, एखाद्या केंद्रातील सापळ्यांची वाढती नोंद अशा तुरळक खुणांतून ती आधी दिसते. ‘आपल्याकडे सर्व ठीक आहे’ असे कळवण्याचा मोह त्या वेळी मोठा असतो. ‘नोंद अपुरी आहे, तरी ही खूण दुर्लक्षिण्याजोगी नाही’ असे आकडेवारीसह, निर्भयपणे आणि वेळेत सांगणारा प्रमुख संस्थेला वाचवतो. अशी माहिती आणणाऱ्या कनिष्ठाला झिडकारले, तर पुढच्या वेळी ती येतच नाही.

प्रशिक्षणाची व्यवस्था

कृषी संशोधनाच्या क्षेत्रात व्यवस्थापन शिकवण्याची गरज देशाने लवकर ओळखली. कृषी संशोधन सेवा १९७५ मध्ये अस्तित्वात आली आणि १९७६ मध्ये हैदराबादजवळील राजेंद्रनगर येथे कृषीसाठीचे केंद्रीय कर्मचारी महाविद्यालय स्थापन झाले. तेच आज राष्ट्रीय कृषी संशोधन व्यवस्थापन अकादमी, म्हणजे ‘नार्म’ म्हणून ओळखले जाते. सेवेत नव्याने येणाऱ्या शास्त्रज्ञांचा पायाभूत अभ्यासक्रम येथे होतो. विभागप्रमुख, केंद्रप्रमुख व इतर व्यवस्थापकीय पदांवरील अधिकाऱ्यांसाठीही येथे व्यवस्थापन विकासाचे कार्यक्रम घेतले जातात.

एकूण उच्च शिक्षणात १९८६ च्या शिक्षण धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने शैक्षणिक कर्मचारी महाविद्यालये उभी केली. त्यांचा भर बराच काळ अध्यापनावर राहिला. पुढे २०१८-१९ मध्ये ‘लीप’ हा प्राध्यापकांच्या नेतृत्वाचा कार्यक्रम सुरू झाला. सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या संस्थांतील दुसऱ्या फळीच्या प्राध्यापकांना पुढील पदांसाठी तयार करणे हा त्याचा हेतू होता. दोन आठवडे देशात आणि एक आठवडा परदेशी विद्यापीठात अशी त्याची रचना होती.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने याबाबत दोन महत्त्वाच्या गोष्टी नमूद केल्या आहेत. नेतृत्वगुण असलेल्या अध्यापकांना लवकर हेरून क्रमाक्रमाने जबाबदारीची पदे देत तयार करावे, ही पहिली. नेतृत्वाची पदे रिक्त राहू नयेत आणि बदलाच्या वेळी जुन्या व नव्या प्रमुखाचा काही काळ एकत्र जावा, ही दुसरी. दुसरी सूचना शेतीशी निगडित संस्थांना विशेष लागू पडते. ऐन खरिपात प्रमुख निवृत्त झाले आणि कार्यभार एखाद्याकडे ‘अतिरिक्त’ म्हणून गेला, तर चालू प्रयोगांची माहिती, मजुरांचे नियोजन आणि शेतकऱ्यांना दिलेले शब्द यांचा धागा तुटतो. किमान एक हंगाम सोबत काम करण्याची संधी मिळाली, तर जे कोणत्याही फाइलमध्ये लिहिलेले नसते तेही हस्तांतरित होते.

प्रमाणपत्रानंतर काय?

प्रशिक्षणाच्या परिणामाचे मोजमाप करण्याची डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांची चार पायऱ्यांची पद्धत १९५९ पासून प्रचलित आहे. प्रशिक्षणार्थीला कार्यक्रम आवडला का, तो काही शिकला का, कामावर परतल्यावर त्याचे वर्तन बदलले का आणि संस्थेच्या फलितात फरक पडला का, या त्या चार पायऱ्या. शेतकरी प्रशिक्षणांप्रमाणेच अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणातही मोजमाप बहुधा पहिल्या पायरीवर, म्हणजे समारोपाच्या दिवशी भरून घेतलेल्या अभिप्राय-पत्रकावर थांबते.

तिसरी पायरी गाठायची, तर प्रशिक्षणाला जाण्यापूर्वीच अधिकाऱ्याने आपल्या विभागातील एक खरी अडचण निवडून सोबत न्यावी. परतल्यानंतर तीन व सहा महिन्यांनी तिचे काय झाले हे वरिष्ठांनी विचारावे. शेतकऱ्याच्या पत्राला उत्तर जाण्यास लागणारे दिवस, हंगामाआधी निविष्ठा केंद्रावर पोहोचणे, पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध वेळेत पूर्ण होणे किंवा क्षेत्रभेटींची नियमितता अशी साधी, मोजता येणारी मापे पुरेशी आहेत. चौथ्या पायरीचे मोजमाप शेतकऱ्याच्या शेतातच होईल.

प्रशिक्षणाच्या मर्यादाही ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. निम्मी पदे रिक्त असलेल्या विभागात उत्तम प्रमुखही मनुष्यबळाची उणीव भरून काढू शकत नाही. आर्थिक अधिकार न देता निर्णयक्षमतेची अपेक्षा करणे म्हणजे बैल न देता नांगरट करायला सांगणे होय. नेतृत्व-विकसन हे पदभरती, पुरेसा निधी आणि अधिकारांचे विकेंद्रीकरण यांच्या जोडीनेच फळ देते. त्यांना पर्याय म्हणून त्याकडे पाहिले, तर ते केवळ भाषणांचे आठवडे ठरतील.

विस्तार कार्यकर्ते आणि शेतकऱ्यांचा वाटा

मधल्या फळीचे नेतृत्व घडवण्यात बाहेरील मंडळींचाही वाटा असतो. प्रत्येक कृषी विज्ञान केंद्राची शास्त्रीय सल्लागार समिती असते आणि तीत शेतकरी प्रतिनिधींना स्थान असते. या प्रतिनिधींनी बैठकीत केवळ उपस्थिती न लावता मागील बैठकीतील निर्णयांचे काय झाले, कोणते काम कोणाकडे होते आणि ते का राहिले, हे शांतपणे विचारावे. असा प्रश्न नियमित विचारला गेला, की इतिवृत्ताला आपोआप शिस्त येते.

विस्तार कार्यकर्त्यांनी निरीक्षण वर पाठवताना ‘कीड फार वाढली आहे’ एवढेच न लिहिता गाव, पिकाची अवस्था, किती झाडे पाहिली, किती झाडांवर कीड आढळली आणि कोणत्या तारखेला, हे नमूद करावे. नेमक्या माहितीवर प्रमुखाला निर्णय घेणे सोपे जाते आणि वरिष्ठांपुढे ती मांडण्याचे बळही मिळते. सल्ला वेळेत आला व उपयोगी पडला, तर तेही कळवावे. तक्रार वर जाण्याच्या वाटा पुष्कळ असतात. समाधान कळवण्याच्या फार थोड्या.

पुढील हंगामापूर्वी प्रत्येक विभागाने आणि केंद्राने तीन गोष्टी कागदावर आणणे शक्य आहे : प्रमुखाच्या गैरहजेरीत सल्ला देण्याचा अधिकार कोणाला, शेतातील निरीक्षण आल्यापासून किती तासांत उत्तर जाईल, आणि येत्या दोन वर्षांत जबाबदारी घेऊ शकतील असे कोणते दोन सहकारी आतापासून तयार केले जात आहेत. यासाठी वेगळ्या निधीची किंवा वरिष्ठांच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. पतंग सापळ्यात येऊ लागतील तेव्हा हा कागद फाइलमध्ये नसून भिंतीवर, सर्वांना दिसेल असा लावलेला असावा.